बाहेरून गार लागलो तो दिवस

दुधाचा कॅन समजून झाकण उचलू नका, पावणं. माझ्या पोटात दूध कधीच नव्हतं. मी नायट्रोजनचा कॅन बोलतोय. शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या मागं दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे, तिच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात मी उभा असतो. आता रिकामा आहे, म्हणून बोलायला सवड आहे. भरलेला होतो तेव्हा तोंड मिटून राहणं हेच माझं काम होतं.

माझी घडण थर्मासासारखीच. एका भांड्यात दुसरं भांडं, आणि दोघांच्या मध्ये काही म्हणजे काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या रिकाम्या जागेवरच माझा सगळा जीव. आतल्या भांड्यात पातळ नायट्रोजन भरतात. दिसायला पाण्यासारखा, पण शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश गार. त्यात बोट बुडालं तर बोट गेलंच म्हणून समजा. एवढं असूनही मी धडधाकट असलो की बाहेरून हात लावल्यावर काही कळत नाही. शेजारच्या टेबलखुर्चीइतकाच कोमट लागतो. आतला गारवा आतच जिरवायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही आमची रीत. पुढं जे घडलं ते ही रीत एका माणसाला ठाऊक नव्हती म्हणून घडलं.

मी कारखान्यातून बाहेर पडलो १९९२ साली. माझ्या दोन भिंतींमधली हवा ओढून घेतली, तोंड पक्कं केलं, आणि ट्रकात घालून मला वारणानगरकडच्या एका दूध संघाकडं पाठवलं. तिथं माझी गाठ पडली ज्ञानूशी.

ज्ञानू म्हशींना कृत्रिम रेतन करायचा. माझ्या पोटात त्याच्या कांड्या असत, मुऱ्हा जातीच्या रेड्यांचं बी भरलेल्या, काडीएवढ्या बारीक. मोटरसायकलच्या मागं मला पोत्यात गुंडाळून बांधायचा आणि गावोगाव हिंडायचा. चावडीपुढं कुणीतरी हटकायचंच.

“काय ओ, दूध कुठलं? म्हशीचं का गाईचं?”

“दूध न्हाय,” ज्ञानू गाडी न थांबवताच ओरडायचा, “रेडं हायती ह्यात. अकरा!”

माणसांच्या सवयी मी त्याच्याबरोबर हिंडून शिकलो. स्वतःला ताप आला तर चार दिवस अंगावर काढणारा गडी म्हैस माजावर आली की अनवाणी पळत यायचा. ज्ञानू गोठ्यात शिरला की घरातल्या बायका आत जायच्या, पण दाराच्या फटीतून सगळी चौकशी करायच्या. रेडा कुठला, त्याची आई किती दूध द्यायची, मागच्या खेपेला शेजारणीच्या म्हशीला रेडाच कसा झाला. मला असल्या गोष्टी ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, चौकसपणा माझ्या अंगातच आहे.

माझं पोट किती भरलंय ते बघायची ज्ञानूची एक पद्धत होती. काळी लाकडी पट्टी तो माझ्या तळापर्यंत बुडवायचा, दहा आकडे मोजायचा आणि बाहेर काढून हवेत झुलवायचा. पट्टीवर पांढरं हिव चढायचं. ते जिथवर चढलं तिथवर नायट्रोजन. “चार बोटांच्या खाली गेला की भरायचा,” असं तो संघातल्या नव्या पोरांना सांगायचा.

१९९६ च्या फेब्रुवारीत गळीत जोरात होतं. ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर चिरडून तेलासारखा गुळगुळीत झाला होता. भर दुपारी आमची गाडी त्यावरून घसरली. ज्ञानूच्या नडगीचं हाड मोडलं. माझ्या खांद्याला पोचा पडला.

त्याला प्लास्टर घालून घरी आणलं आणि मला त्याच्या खाटेशेजारी ठेवलं. आठव्या दिवसापासून तो म्हणायला लागला, पोटरी आतून आवळल्यासारखी होते. बघायला येणारा प्रत्येक जण शहाणपणा सांगून जायचा. कुणी म्हणालं प्लास्टर घट्ट बसलंय, कुणी म्हणालं हाड सांधताना असंच होतं. शेजारच्या केरबांची मुलगी निशा तेव्हा पुण्याहून सुट्टीला आली होती. केरबा संघातच कामाला. पोरगी मात्र शिकून पार उंदरांच्या रक्तापर्यंत पोचली होती.

“मामा, पाय दाखवून या तालुक्याला,” ती म्हणाली. “हे मला बरं दिसत नाही.”

“तुझ्या उंदराला दाव जा,” ज्ञानू हसला. “माजं हाड हाय, माजं मला कळतंय.”

बाराव्या दिवशी सकाळी तो चहा प्यायला उठून बसला. बशी ओठांपर्यंत नेली आणि छातीवर हात दाबला. बशी खाली ठेवायचीही राहून गेली.

ज्ञानू गेल्यावर निशानं आपल्या आईला, पारूबाईंना, समजावून सांगितलं ते मी ऐकलं. पायात रक्ताची गाठ झाली होती. ती सुटली आणि वाहत जाऊन फुप्फुसात अडकली. पारूबाईंनी विचारलं, “मग हे आधी कळत न्हाय व्हय रक्तातनं?” कळू शकतं, पण ते कळवणारी साधी तपासणी गावाकडच्या दवाखान्यात नव्हती.

मला एक गोष्ट माहीत होती, ती मी कुणाला सांगू शकत नव्हतो. ज्ञानूच्या पायात जशी गाठ, तशी माझ्या पोच्याच्या आत केसाएवढी एक चीर पडली होती. त्याचंही बाहेरून दिसलं नाही, माझंही दिसत नव्हतं.

संघानं मला मोडीत काढलं. पुढच्या वर्षी निशानं अर्ज करून मला मागून घेतलं. तिनं आठ दिवस मला भरून तपासलं, नायट्रोजन नेमानंच उडत होता. ती म्हणाली, “चालेल हा.” आणि मी कोल्हापुरात आलो.

प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक फ्रीज, एक उबदार कपाट, एक सूक्ष्मदर्शक आणि मागच्या खोलीत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. सरकारकडून थोडं अनुदान मिळालेलं. नायट्रोजन भरायला दूध संघाचीच गाडी यायची. रेड्यांच्या कांड्यांसाठी ती शहरात चक्कर मारायची, जाता जाता मलाही भरून जायची.

पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातली शालूबाई डोकावली. वय पन्नाशीचं, नवरा तालमीचा जुना पैलवान, मुलं आपापल्या संसाराला लागलेली. हातात वेळच वेळ.

“निशाताई, एक मांजर ठिवा की. उंदरं लई झाल्यात तुमच्यात.”

“मावशी, पाळलेत ते.”

“पाळल्यात? उंदरं?” शालूबाईनं पदर तोंडाला लावला. “आणि त्या कॅनात काय? त्यांचं दूध?”

अर्ध्या तासात गल्लीला बातमी लागली. पण चौकस माणसाचं पाऊल एकदा आत पडलं की ते बाहेर निघत नाही. महिनाभरात पिंजरे साफ करायचं काम शालूबाईकडं आलं. उंदरांना ती दाणे घालायची आणि गल्लीतल्या सगळ्या भानगडी सांगायची. मीही ऐकायचो. आमचं दोघांचं जमलं ते यामुळंच.

निशाचं काम मी जेवढं समजलो तेवढं सांगतो. अंगात कुठंही रक्ताची गाठ झाली की शरीर तिला विरघळवायला लागतं. मग गाठीचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. त्या तुकड्यांना डी-डायमर म्हणतात. तो तुकडा नेमका धरणारं काही मिळालं, तर थेंबभर रक्तावरून गाठीची कुणकुण लागेल. असं धरणारं द्रव्य उंदराचं शरीर बनवतं, त्याला तो तुकडा थोडा थोडा टोचत गेलं की. ते बनवणाऱ्या पेशी उंदराच्या प्लीहेत असतात. त्यासाठी उंदराला जीव द्यावा लागे. त्या दिवशी शालूबाई कामावर येत नसे आणि निशाही तिला बोलवत नसे.

पण प्लीहेतल्या पेशी बाहेर काढल्या की चार दिवसांत मरतात. म्हणून निशा त्यांची गाठ कॅन्सरच्या पेशींशी घालून द्यायची. कॅन्सरच्या पेशीला मरणं ठाऊक नसतं. दोघींची मिळून एक पेशी झाली की ती द्रव्यही बनवते आणि मरतही नाही, वाढतच राहते. एका पेशीपासून लाखो, सगळ्या हुबेहूब एकसारख्या.

ऐकायला सोपं आहे. शहाण्णव खळग्यांच्या थाळ्यांवर थाळ्या भरायच्या आणि एकेका खळग्यातलं पाणी तपासायचं. बहुतेक खळग्यांतलं द्रव्य गाठीच्या तुकड्याला धरायचं, पण निरोगी रक्तातल्या साध्या पदार्थालाही धरायचं. चोर पकडायला नेमलेल्या पोलिसानं सगळ्या गल्लीलाच बेड्या घातल्या तर काय उपयोग? १९९८ गेलं, १९९९ गेलं. निशाच्या डोळ्यांखाली काळं आलं. पारूबाई वारणानगरहून भाकरी बांधून घेऊन यायच्या आणि लेक जेवेपर्यंत माझ्यावर हात टेकून उभ्या राहायच्या.

२००० सालच्या जानेवारीत एका थाळीच्या तिसऱ्या, म्हणजे ‘सी’ ओळीतल्या सातव्या खळग्यात ते सापडलं. तिनं नाव ठेवलं सी-सात. ते फक्त गाठीच्या तुकड्याला धरायचं, बाकी कशाकडं ढुंकूनही बघायचं नाही.

मग तिनं ते द्रव्य बारीक मण्यांवर चढवलं. मण्यांचं पाणी अगदी दुधासारखं दिसायचं. काळ्या कार्डावर त्याचा एक थेंब, रोग्याच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, आणि दोन मिनिटं कार्ड हलवायचं. गाठ नसेल तर दूध दूधच राहतं. गाठ असेल तर दूध नासल्यासारखे कण फुटतात.

पहिल्यांदा कण फुटले तेव्हा निशा मोठ्यानं ओरडली, “नासलं! मावशी, दूध नासलं!”

शालूबाई पिंजरा टाकून धावत आली. “मग नाचताय कशाला? दूध संघातल्याची लेक ना तुमी?”

त्या आठवड्यात सी-सातच्या पेशी बारा कुप्यांत भरून माझ्या पोटात आल्या. एकेक कुपी करंगळीच्या पेराएवढी. मी रेड्यांचं बी सांभाळलं होतं, पण हे ओझं निराळं होतं. इथं एक गेली तर दुसरी आणायला बाजार नव्हता. उंदीर पुन्हा टोचता येतील, पेशी पुन्हा जोडता येतील, पण सी-सातच पुन्हा मिळेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. हे निशा जाणून होती. तिचे पुण्याचे सर फोनवर दर वेळी बजावायचे, “सगळं एकाच कॅनमध्ये ठेवू नकोस. निम्म्या कुप्या माझ्याकडे आणून ठेव.”

“आणते सर. दिवाळीनंतर नक्की.”

ती दिवाळी आली आणि गेली, कुप्या माझ्याच पोटात राहिल्या.

शहरातल्या एका दवाखान्यातले डॉक्टर धैर्यशील यांनी निशाची कार्डं वापरून बघायला घेतली. दोनशे रोग्यांवर तपासायचं ठरलं होतं. एकदा ते स्वतःच स्कूटरवरून आले. म्हणाले, “काल एकाचं दूध नासलं. पाय बघून मला वाटलं होतं नुसता मुरगळलाय. घरी पाठवणार होतो त्याला.” निशानं हातातलं कार्ड खाली ठेवलं. ती खिडकीकडं वळून उभी राहिली.

इकडं माझा खांदा दुखायला लागला होता. दुखणं हा शब्द तुमचा, पण दुसरा मला सुचत नाही. चीर सुतासुतानं वाढत होती. पूर्वी चाळीस दिवस पुरणारा नायट्रोजन आता तीस दिवसांत उडायचा. निशाला वाटलं, हल्ली झाकण वरचेवर उघडतो म्हणून असेल. मला तोंड होतं, पण ते फक्त वाफ सोडायला.

२००१ चा दसरा जवळ आला. पारूबाईंचं फार वर्षांचं मनात होतं, एकदा तरी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. गुडघे पार जायच्या आत जाऊन येऊ, असं त्या लेकीला म्हणाल्या. निशानं महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं काढली. जाऊन येऊन नऊ दिवस.

जायच्या आदल्या दिवशी तिनं मला गळ्यापर्यंत भरून घेतलं आणि शालूबाईला समोर उभं केलं.

“मावशी, एक दिवसाआड पट्टी बुडवायची. दहा मोजायचे. हिव किती बोटं चढलं ते या वहीत लिहायचं. चार बोटांच्या खाली गेलं तर भिंतीवरच्या नंबरावर फोन. गाडी येईल, भरून जाईल.”

“एवढंच?”

“एवढंच. पण चुकवायचं नाही.”

“पाच पोरं वाढीवली मी. तुमच्या कॅनाचं काय घिऊन बसलाय?” शालूबाई म्हणाली. “आईस्नी जपून न्या. गर्दी मोप असत्या म्हनं.”

सोमवारी तिनं पट्टी बुडवली. अकरा बोटं. वहीत लिहिलं.

सोमवारच्याच रात्रीत माझी चीर आतल्या पोकळीला पुरती भिडली. बाहेरची हवा सुईच्या टोकाएवढ्या वाटेनं आत शिरायला लागली. तुम्हाला तो आवाज ऐकू आला नसता. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

बुधवारी अष्टमी. पट्टीवर सात बोटं. दोन दिवसांत चार बोटं उडाली होती. शालूबाईनं बोटं पुन्हा मोजली. “सात. म्हंजे चाराच्या वर हाय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि वहीत सात लिहिलं. तिचं काही चुकलं नाही. तिला आकडा सांगितला होता, तो तिनं पाळला.

गुरुवारी खंडेनवमी. पेठेत त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुताराचा रंधा, शिंप्याचं मशीन, तालमीतली मुद्गलं, सगळी पुसून, हळदकुंकू लावून ठेवतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. शालूबाई अंघोळ करून, ताटात झेंडू घेऊन आली. “ताईंच्या माघारी त्यांच्या हत्यारास्नी कोन पुजणार?” सूक्ष्मदर्शकाला फूल वाहिलं. पिंजऱ्यांना फूल वाहिलं. काळी पट्टी धुऊन पुसून पाटावर ठेवली, तिलाही कुंकू लावलं. मग ती माझ्याकडं आली.

माझ्या सर्वांगाला घाम फुटला होता. गळ्याभोवती पांढरं हिव धरलं होतं, झाकणाच्या कडेनं धूर निघत होता. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

“आई गं! कसला गार झालाय!”

आता घाबरेल, फोन करेल, असं मला वाटलं. अजून तीन बोटं नायट्रोजन होता. कुप्या अजून बुडालेल्या होत्या. गाडी तीन तासांत आली असती. सी-सात वाचला असता.

पण शालूबाईनं जन्मभर माठ बघितलेले. माठ बाहेरून गार आणि ओला झाला म्हणजे आतलं पाणी चांगलं निवलं. फ्रीज गार म्हणजे फ्रीज चालू. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आजवर कोमट लागणारा कॅन सणाच्या दिवशी असा गारेगार झाला, तिला तर ते शुभच वाटलं.

“बगा, पूजा पावली,” ती म्हणाली. “मस्त गार हाय. आता दसरा होईस्तवर पट्टीला हात लावायला नगो, पुजल्या.”

माझ्या गळ्यात झेंडूची माळ घालून, हात जोडून ती गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

त्या दिवशी मी पोटातलं शेवटचं किती धरून ठेवायचा प्रयत्न केला ते कुणाला सांगू? धरायला हात लागतात. संध्याकाळपर्यंत कुप्यांची डोकी उघडी पडली. शुक्रवारी गल्लीत लोक एकमेकांना सोनं देत होते, त्या दुपारी माझ्या तळाचा शेवटचा थेंब उडाला. नागपुरात पारूबाई त्याच वेळी लाखोंच्या गर्दीत हात जोडून उभ्या असतील. बारा कुप्या माझ्या पोटात हळूहळू कोमट होत गेल्या. माळेतली फुलं हिवानं काळी पडली होती, ती पुन्हा मऊ होऊन लोंबायला लागली.

शनिवारी शालूबाईनं मला हात लावला तेव्हा मी नेहमीसारखा झालो होतो. “आज बेतानं हाय,” ती म्हणाली. पट्टी तिनं बुडवली, पण हिव चढेना. तिला वाटलं, कुंकवाचं तेलकट लागलं असेल पट्टीला. निशाताई येतीलच मंगळवारी, त्यांनाच विचारू.

मंगळवारी निशा आईला घरी न सोडता स्टेशनावरून थेट इथंच आली. आत आल्या आल्या तिनं सवयीनं माझ्या खांद्यावर तळवा टेकवला. कोमट. तिनं सुस्कारा सोडला. हे मी कधी विसरणार नाही. मी मेलो होतो, म्हणूनच मी तिला धडधाकट लागलो.

“बुंदी घ्या मावशी, नागपूरची,” ती म्हणाली. पारूबाई खुर्चीवर बसून पाय चोळत होत्या. शालूबाईनं पुडा घेतला आणि कौतुकानं सांगायला लागली.

“समदं झ्याक हाय. तुमचा कॅन नवमीला कसला गार झालता म्हणून सांगू! हात चिकटंल असा. भाईरनं पांढरा फेक, नुसता घाम…”

निशाचा चेहरा मी समोरून बघत होतो. रंग उतरतो म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

तिनं झाकण उचललं. धूर आला नाही.

तिनं बारा कुप्या ट्रेमध्ये मांडल्या. पहिली कोमट पाण्यात धरली, तिच्यातला थेंब काचेवर घेतला आणि त्यात निळा रंग सोडला. जिवंत पेशी तो रंग आत घेत नाही, मेलेली घेते. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ वाकूनच होती.

दुसरी कुपी. तिसरी. शालूबाई दारात उभी होती. बुंदीचा पुडा अजून तिच्या हातातच होता.

“जगल्यात का ओ?”

पाचवी. सहावी. पारूबाई उठून लेकीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवावा की नाही ते त्यांना कळेना. बाराव्या कुपीपर्यंत सगळं निळं होतं.

“माज्यामुळं झालं व्हय?” शालूबाईनं विचारलं.

निशानं डोळे चोळले. “मी तुम्हाला बोटं मोजायला शिकवली मावशी. का मोजायची ते सांगितलंच नाही. आणि सर मला दोन वर्षं सांगत होते, निम्म्या कुप्या पुण्याला आण म्हणून.”

शालूबाई त्या दिवसापासून यायची बंद झाली. पंधरा दिवसांनी निशा स्वतः तिच्या दारात गेली. काय बोलणं झालं ते मला ऐकायला मिळालं नाही, याची मला अजून चुटपुट आहे. एवढं कळलं की दुसऱ्या दिवशी शालूबाई पिंजऱ्यांपाशी होती आणि उंदरांना नेहमीसारखं काही सांगत नव्हती.

फ्रीजमध्ये सी-सातच्या दुधाच्या दोन बाटल्या शिल्लक होत्या. दोनशे रोग्यांची तपासणी बंद पडली. डॉक्टर धैर्यशील आता फक्त अगदी नड असेल तेव्हाच कार्ड मागायचे. पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये दुसरी बाटली संपली.

जुलैत एका संध्याकाळी फोन वाजला. निशानं उचलला. पलीकडं डॉक्टर धैर्यशील होते, त्यांचा आवाज मोठा, मला इथवर ऐकू आला.

“निशा, इचलकरंजीचा एक आलाय. लूमवर कामाला, वय चोवीस. टायफॉइडनं तीन आठवडे अंथरुणावर होता. पोटरी सुजलीय, आता धाप लागतेय. गाठ असेल तर मला आत्ता कळायला हवं, छातीचा संसर्ग असेल तर औषध निराळं. एक थेंब तरी असेल ना?”

निशानं फ्रीज उघडला. रिकामी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, उलटी केली. शालूबाई झाडू हातात धरून बघत होती.

“नाही, डॉक्टर,” ती फोनवर म्हणाली. “एकही नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “मी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवतो. दीड तासाचा रस्ता आहे. बघू.”

फोन ठेवल्याचा आवाज आला. निशा तशीच उभी राहिली, फ्रीजचं दार उघडं ठेवून.

तिनं हात टेकले नाहीत. पुन्हा उंदीर टोचले, पुन्हा थाळ्या भरल्या. चार वर्षांनी एक पेशी मिळाली, बरी आहे, पण सी-सातएवढी नजर तिला नाही. गाठ मोठी असेल तर दूध नासतं, बारीक असेल तर कधी कधी तसंच राहतं. तिच्या निम्म्या कुप्या पुण्याला असतात. निम्म्या माझ्या शेजारच्या नव्या कॅनात. शालूबाई रोज सकाळी त्याच्यावर तळवा ठेवते आणि कोमट लागला तरच पुढच्या कामाला लागते. मला भंगारात द्यायचं दोनदा ठरलं. दोन्ही वेळा शालूबाई आडवी आली. का, ते ती सांगत नाही.

तर माझं मागणं एवढंच आहे. तो इचलकरंजीचा लूमवरचा माणूस, आता तीस-एकतीस वर्षांचा असेल. त्याचं नाव डॉक्टरांनी फोनवर घेतलं नाही. निशानं नंतर कधी विचारलं नाही, निदान माझ्या कानावर तरी आलं नाही. शालूबाई सगळ्या पेठेची चौकशी करते, पण हे एक विचारत नाही. मीही जन्माचा चौकस, पण मला तर पायच नाहीत. तुम्ही कधी तिकडच्या लूमच्या शेडमध्ये गेलात, तर तेवढं विचाराल का, पावणं? जगला असेल तर मला येऊन सांगा. आणि जगला नसेल, तरीही सांगा.